चेंडू सुटण्याआधीच पंचांचं बोलणं झालेलं असतं

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना चालला होता. मी बेसवरचा पंच होतो आणि बॅटरच्या मागे बैलहोंगलकडच्या कन्नड शाळेतले एक सर उभे होते. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर एकेक रनर, एक आउट झालेला. बॅटरने चेंडू सरळ आभाळात उडवला. शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली फिल्डर मुलगी त्याच्या खाली येऊन उभी राहिली. झेल सगळ्यांना दिसत होता, म्हणून दोन्ही रनर आपापल्या बेसला चिकटून राहिल्या. आणि चेंडू तिच्या हातातून निसटला. तिने तो उचलून तिसऱ्या बेसला फेकला, तिथून तो दुसऱ्या बेसला आला. मी दोन्ही ठिकाणी मूठ वर केली. एक आधीचा आणि दोन आताचे, तीन आउट. फिल्डिंग करणाऱ्या मुली ओरडत बाहेर धावल्या.

तेवढ्यात सर हात हलवत पुढे येताना दिसले. त्यांच्या हिशेबाने चेंडू हवेत असतानाच बॅटर आउट झाली होती, बेसवरच्या मुलींवर धावायची सक्तीच उरली नव्हती आणि डाव चालू होता. त्यांनी ते ओरडून सांगितलंही होतं. गलक्यात माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. एका मैदानावर दोन पंच आणि दोन निकाल. कुंपणावरून हाक आली, "सर, आउट काय सेफ, एकच काय ते सांगा की ओ!"

नियम सरांच्या बाजूने होता. मी माझा निर्णय मागे घेतला, पण तोवर पंधरावीस मिनिटं गेली होती. एक संघ रडवेला झाला होता, दुसरा चिडला होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की तो नियम मला पाठ होता. कुणी झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. फक्त 'आत्ता तो लागू आहे' हे त्या क्षणी डोक्यात नव्हतं. नंतर कळलं की बेसबॉलच्या पंचांकडे नेमक्या याच घोटाळ्यावर एक खूण आहे. तिला अर्धा सेकंदही लागत नाही आणि ती चेंडू टाकायच्या आधी करायची असते.

तेव्हापासून बेसबॉलचे पंच एकमेकांशी कसे बोलतात हा माझ्या अभ्यासाचा विषय झाला. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचाच भाऊ. चेंडू मोठा, मैदान लहान, पिचर हाताखालून टाकतो, पण पंचांचं काम जवळपास तेच. बेळगावकडे क्रिकेट, कबड्डी आणि कुस्तीचे पंच आपण लहानपणापासून पाहतो. बेसबॉलच्या पंचांची भाषा मात्र पाहिलेली नसते, म्हणून ती इथे उलगडून सांगतो.

आधी खेळापुरतं थोडं. चार बेस चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असतात, एकमेकांपासून 90 फुटांवर. त्यातला एक होम प्लेट, तिथे बॅटर उभा राहतो. तिथून पहिला, दुसरा, तिसरा बेस करत परत होमला आला की एक धाव. पिचरने नीट टाकलेला चेंडू हुकला किंवा सोडला तर स्ट्राइक, असे तीन झाले की बॅटर आउट. वाईट टाकलेल्या चेंडूला 'बॉल' म्हणतात. असे चार झाले की पहिला बेस फुकट. (म्हणून या लेखात वस्तूला चेंडू म्हणतो आणि पंचाच्या निर्णयाला बॉल.) तीन आउट झाले की फलंदाजी दुसऱ्या संघाकडे. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेत, एका सामन्याला चार पंच असतात, प्रत्येक बेसवर एक आणि होम प्लेटच्या मागे मुख्य पंच. हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत आणखी दोन जण बाहेरच्या रेषांवर उभे करतात. शाळा-कॉलेजच्या सामन्यांत बहुधा दोघेच असतात, आणि खरी कसोटी या दोघांची असते.

क्रिकेटमध्ये एका वेळी घटना एकाच ठिकाणी घडते. चेंडू, बॅट, यष्टी यांच्याकडे डोळे लावले की झालं. बेसबॉलमध्ये एक फटका बसला की पाच गोष्टी एकदम सुरू होतात. चेंडू झेलला जाणार की पडणार, रेषेच्या आत की बाहेर, बॅटर पहिल्या बेसकडे, पहिल्या बेसवरचा दुसऱ्याकडे की थेट तिसऱ्याकडे, आणि जाताना प्रत्येकाने बेसला पाय लावला की नाही. दोन माणसांना चार डोळे. कुणी कुठे बघायचं हे चेंडू उडाल्यावर ठरवायला वेळच नसतो. म्हणून हे पंच आधी बोलून घेतात, तेही हाताने.

आता ती माझ्यावर उलटलेली खूण. नियमाचं नाव इनफिल्ड फ्लाय. दोनपेक्षा कमी आउट आहेत, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत (किंवा तिन्ही बेस भरलेत), आणि बॅटरने आतल्या मैदानात सहज झेलता येईल असा उंच चेंडू उडवला. नियम नसता तर हुशार फिल्डर काय करेल? मुद्दाम झेल सोडेल. झेल होणार म्हणून रनर बेसवर थांबलेले असतात. चेंडू पडला की मागून बॅटर येत असल्याने त्यांना पुढे धावणं भाग पडतं (हीच सक्ती) आणि फिल्डर चेंडू त्यांच्या आधी पुढच्या बेसला पोचवून आरामात दोघांना टिपतो. ही लबाडी बंद करायला नियमाने सांगितलं की असा चेंडू उडाला की पंचाने हवेतच बॅटरला आउट जाहीर करायचं. मग झेल घेतला काय, सोडला काय, बेसवरच्या रनरवर सक्ती राहत नाही. आमच्या सामन्यात शॉर्टस्टॉपच्या मुलीने मुद्दाम काही केलं नव्हतं, तिचा झेल खरोखर सुटला होता. पण नियमाला हेतूशी देणंघेणं नाही.

गोम अशी की हा नियम ठरावीक परिस्थितीतच जागा होतो आणि ती परिस्थिती एका डावात कितीदा तरी येते आणि जाते. म्हणून ती तयार झाली की प्लेटमागचा पंच आपल्या साथीदाराकडे बघून टोपीच्या पुढच्या कडेला हात लावतो. काही ठिकाणी उजवा हात छातीवर ठेवायची पद्धत आहे. सोबत बोटांनी किती आउट झालेत तेही दाखवतो. अर्थ एवढाच, 'आता चेंडू उडाला तर इनफिल्ड फ्लाय आहे, लक्षात आहे ना?' साथीदार तीच खूण परत करतो. त्याने ती परत केलीच पाहिजे, यातच सगळं आलं. क्रिकेटमध्ये पंच चौकार दाखवतो आणि गुणलेखकाने हात वर करून पोच दिल्याशिवाय खेळ पुढे जाऊ देत नाही, तशीच ही पोच. खूण परत आली नाही तर समजायचं की समोरच्याचं लक्ष नाही, आणि पुन्हा करायची.

आम्ही दोघांनी त्या दिवशी टोपीला हात लावला असता, तर चेंडू वर जाताक्षणी दोघांच्या तोंडून एकच निकाल निघाला असता. एकाचा आवाज बुडाला असता तरी दुसऱ्याचा हात वर गेला असता.

मोठ्या सामन्यांतही हा नियम पेटतो. 5 ऑक्टोबर 2012 ला अटलांटा ब्रेव्ह्ज आणि सेंट लुईस कार्डिनल्स यांच्यातल्या बाद फेरीच्या सामन्यात उंच उडालेला चेंडू बराच मागे, मैदानाच्या बाहेरच्या भागात पडला आणि डाव्या रेषेवरचे पंच सॅम होलब्रुक यांनी इनफिल्ड फ्लाय दिला. प्रेक्षकांनी बाटल्या आणि कचरा मैदानात फेकला, खेळ थांबवावा लागला. निर्णयावर आजही दोन मतं आहेत. पण तिथे सहा पंच होते आणि निकाल एकच होता. माझ्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

दोन आउट झाले की इनफिल्ड फ्लाय निकालात निघतो आणि दुसरी खूण येते. पंच दोन बोटं मनगटावर, घड्याळ बांधतो तिथे, टेकवतो. नवख्याला वाटतं पंच वेळ विचारतोय. खरं तर तो सांगतोय की पुढच्या खेळात धाव धरायची की नाही हे वेळेवर ठरू शकतं. समजा दुसऱ्या बेसवर रनर आहे, दोन आउट आहेत, आणि बॅटरने लांब फटका मारला. रनर होमकडे धावतोय, तिकडे बॅटर हाव धरून दुसऱ्या बेसकडे निघाला आणि तिथे चेंडू लावून टिपला गेला. हा तिसरा आउट. आता रनरचा पाय होम प्लेटला आधी लागला असेल तर धाव धरायची, आउट आधी झाला असेल तर नाही. फरक अर्ध्या पावलाचा असू शकतो. प्लेटवरच्या पंचाला एकाच वेळी जवळचा पाय आणि लांबचा टॅग दोन्ही बघायचं असतं, तर बेसवरच्या पंचाने आपला आउट झटक्यात आणि ठणठणीत द्यायचा असतो, म्हणजे त्या क्षणाची तुलना करता येईल. (तिसरा आउट सक्तीचा असेल, किंवा बॅटर पहिल्या बेसला पोचायच्या आतच आउट झाला असेल, तर हा प्रश्नच नाही, धाव धरतच नाहीत.) मग प्लेटवरचा पंच होमकडे बोट दाखवून गुणलेखकाला मोठ्याने सांगतो, धाव धरा. किंवा दोन्ही हात हलवून नाही म्हणतो.

तिसरी खूण जागेची. दोनच पंच असले की बेसवरचा पंच एका जागी उभा राहत नाही. बेस रिकामे असतील तर तो पहिल्या बेसच्या मागे, रेषेच्या बाहेर असतो. पहिल्या बेसवर रनर आला की तो मैदानाच्या आत, पिचरच्या मागे पहिल्या बेसच्या बाजूला येतो. रनर दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर असेल तर आतच, पण तिसऱ्या बेसच्या बाजूला. पहिल्या बेसवर रनर असताना लांब फटका बसला तर तो रनर थेट तिसरा बेस गाठायचा प्रयत्न करणार हे ठरलेलं. बेसवरच्या एकट्या पंचाला बॅटरही बघायचाय आणि तिसरा बेसही, ते शक्य नाही. म्हणून प्लेटवरचा पंच चेंडू टाकायच्या आधीच तिसऱ्या बेसकडे बोट दाखवून सांगतो, रनर तिकडे आला तर मी येतो. फटका बसला की तो मास्क हातात घेऊन तिसऱ्या बेसकडे धावत ओरडतो, "तिसरा माझा!" हे ऐकलं की दुसरा पंच निर्धास्तपणे बॅटरवर नजर ठेवतो. रनर तिसऱ्यावर न थांबता होमकडे वळला तर मुख्य पंच "घरी जातोय!" असं ओरडत उलटा फिरतो.

चार पंच असतात तेव्हाही हीच गोष्ट, फक्त मोठ्या प्रमाणावर. उंच गेलेला अवघड झेल बघायला दुसऱ्या बेसचा पंच पाठ फिरवून मैदानाच्या टोकाकडे धावत गेला, की तिसऱ्याचा दुसऱ्यावर येतो, प्लेटवरचा तिसऱ्यावर आणि पहिल्याचा, बॅटरने आपला बेस ओलांडल्याचं पाहून, होमवर. बेस रिकामे असतील तर सगळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक घर सरकतात. शाळेच्या लेझीमपथकात एकाने जागा सोडली की ओळीतला प्रत्येक जण न सांगता सरकतो, तसंच. फरक इतकाच की इथे ताल नाही. कुणी निघाला हे बाकीच्यांनी पाहायचं आणि जाणाऱ्याने ओरडून सांगायचं.

एक गोष्ट मला अतिशय सुंदर वाटते. चेंडू रेषेच्या बाहेर पडला तर पंच दोन्ही हात वर करतो आणि "फाउल" असं जोरात ओरडतो. चेंडू रेषेच्या आत पडला, म्हणजे फेअर असेल, तर तो एक अक्षरही बोलत नाही. फक्त मैदानाच्या आतल्या बाजूला बोट दाखवतो. कारण उघड आहे. फाउल म्हटलं की खेळ थांबतो, तेव्हा ते सगळ्यांच्या कानी जायला हवं. फेअर असेल तर खेळ चालू राहायचा असतो. दोन्ही शब्द फ वरून सुरू होतात. आमच्या तालुक्यातल्या पावसाळी वाऱ्यात, शंभर पोरांच्या आरडाओरड्यात, लांबच्या रनरला फक्त 'फ' ऐकू आला तर तो थांबायचा की धावायचा? म्हणून पंचांनी एका शब्दाला आवाज दिला आणि दुसऱ्याला मौन. आवाज आला म्हणजे थांबा, नाही आला म्हणजे पळा. खेळ थांबवायची 'टाइम' ही हाकही अशीच. एकाने दोन्ही हात वर केले की मैदानावरचे सगळे पंच हात वर करतात, म्हणजे कुठल्याही कोपऱ्यातल्या खेळाडूला समोर वर केलेले हात दिसतात. आउट-सेफच्या बाबतीत मात्र दुसऱ्याच्या निर्णयाची नक्कल कधीच करायची नाही. एका घटनेला एकच पंच.

हातांच्या या खुणा मैदानावर आल्या कशा, यावर इतिहासकारांत वाद आहे. विल्यम हॉय नावाचा खेळाडू 1888 ते 1902 या काळात मोठ्या संघांकडून खेळला. मेंदूज्वरामुळे बालपणीच त्याची श्रवणशक्ती गेली होती. पंच बॉल म्हणाला की स्ट्राइक, हे त्याला ऐकू येत नसे, म्हणून तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक त्याला हाताने खुणावून सांगायचा. पंचांच्या खुणा त्यातूनच आल्या असं बरेच जण मानतात. काही जण पंच साय रिगलर यांचं नाव घेतात, त्यांनी 1905 च्या सुमारास स्ट्राइकला उजवा हात वर करायला सुरुवात केली. काही जण बिल क्लेम या नामवंत पंचांना श्रेय देतात. श्रेय कुणाचंही असो, कानावर अवलंबून न राहता डोळ्यांनी कळेल अशी भाषा तयार झाली.

आता निर्णयातली विचारपूस. इथे बेसबॉलने एक रीत पाडली आहे आणि ती समजल्यापासून मी पंच म्हणून बदललो.

सगळ्यात नेहमीचं उदाहरण अर्धवट स्विंगचं. बॅटरने बॅट फिरवायला सुरुवात केली आणि मध्येच आवरली. बॅट खरोखर पुढे गेली का? गेली तर स्ट्राइक. प्लेटवरच्या पंचाचं लक्ष चेंडूवर असतं आणि मध्ये कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू पकडणारा) असतो, त्यामुळे त्याला ते नीट दिसत नाही. त्याने बॉल दिला आणि कॅचरने मागणी केली, तर तो डाव्या हाताने बेसवरच्या पंचाकडे बोट करून विचारतो, "गेली का?" उजव्या हाताचा बॅटर असेल तर पहिल्या बेसच्या पंचाला, डावखुरा असेल तर तिसऱ्याच्या, कारण त्या बाजूने बॅटचं टोक दिसतं. तो पंच मूठ वळून "हो, गेली" म्हणतो किंवा दोन्ही हात पसरून "नाही". विचारल्यावर तो जे सांगेल ते चालतं. यात कुणाचा अपमान होत नाही. ज्याला दिसलं त्याने सांगायचं.

बेसबॉलच्या अधिकृत नियमावलीत 8.02 क्रमांकाचा नियम आहे. त्याचा गाभा असा की निर्णय देणाऱ्या पंचाने स्वतः विचारल्याशिवाय दुसऱ्या पंचाने त्याच्या निर्णयावर टीका करायची नाही, तो बदलायचा प्रयत्न करायचा नाही, मध्ये पडायचं नाही. विचारायचा अधिकार त्याचा, उत्तर द्यायचं कर्तव्य दुसऱ्याचं. दोन पंचांनी एकाच घटनेवर वेगवेगळे निकाल दिले, म्हणजे आमच्यासारखा प्रसंग आला, तर 8.03 सांगतो की मुख्य पंचाने सगळ्या पंचांना एकत्र बोलवायचं, तिथे एकही खेळाडू किंवा प्रशिक्षक असता कामा नये, आणि शेवटी कुठला निकाल उभा राहील ते मुख्य पंचाने ठरवायचं. आम्ही त्या दिवशी दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांच्या घोळक्यात उभं राहून बोललो होतो. वीस माणसांच्या मध्ये उभा असलेला पंच खरं आठवतच नाही, तो बचाव करू लागतो. मी माझ्या अनुभवावरून हे सांगतो.

एकत्र आल्यावर बोलायचीही रीत आहे. ज्याचा निर्णय आहे त्याने आधी सांगायचं, मी काय पाहिलं. मग बाकीच्यांनी, मी काय पाहिलं. 'मला वाटतं' नाही, 'मी पाहिलं'. पहिल्या बेसच्या फिल्डरचा पाय बेसवरून सुटला होता का, झेललेला चेंडू पिशवीसारख्या ग्लव्हमधून खाली पडला का, या गोष्टी एका कोनातून दिसतात आणि दुसऱ्या कोनातून दिसत नाहीत. तिथे साथीदाराची माहिती सोन्यासारखी. निर्णय बदलला तर तो बहुधा मूळ पंचच जाहीर करतो, म्हणजे मैदानाला कळतं की त्याने स्वतः दुरुस्त केला. निर्णय आधीच बरोबर दिला असता तर रनर कुठे असते याचा विचार करून त्यांना तिथे उभं करायचे अधिकारही पंचांना आहेत.

त्याच नियमावलीत पंचांना दिलेल्या सूचनांमध्ये एक गोष्ट आहे ती मी वहीत उतरवून ठेवली आहे. आशय असा, की पंचाची प्रतिष्ठा महत्त्वाची आहे, पण निर्णय बरोबर असण्याइतकी कधीच नाही. खात्री असेल तर खेळाडूंच्या 'दुसऱ्याला विचारा' या ओरड्याला भुलू नका, खात्री नसेल तर विचारायला कचरू नका. बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघितलेला माणूस हे पटकन समजेल. पाठ टेकली की नाही हे एका बाजूच्या पंचाला दिसत नाही, पलीकडच्याला दिसतं, आणि पैलवान मात्र दोघांकडे बघून हात वर करतात.

विचारणं कधी सुचत नाही, याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. 2 जून 2010, डेट्रॉइट. आर्मांडो गलारागा या पिचरने 26 बॅटर ओळीने बाद केले होते, एकही बेसवर पोचला नव्हता. सत्ताविसावा बाद झाला की 'परफेक्ट गेम', पिचरच्या आयुष्यातलं दुर्मिळ यश. बॅटरने चेंडू जमिनीवरून मारला, फिल्डरने तो पहिल्या बेसवर धावत आलेल्या गलारागाला दिला, त्याचा पाय बेसवर आधी लागला होता. पहिल्या बेसचे पंच जिम जॉइस यांनी सेफ दिलं. त्यांना शंकाच नव्हती, म्हणून विचारायचा प्रश्न आला नाही. व्हिडिओ बघायची सोय तेव्हा फक्त होमरनच्या (फटका थेट मैदानाबाहेर गेला की नाही, अशा) निर्णयांपुरती होती, 2008 पासूनची. सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रण पाहिलं आणि चूक उघडपणे मान्य केली, गलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉइस प्लेटमागे उभे होते. संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गलारागाच आला. जॉइस यांचे डोळे भरून आले होते. दुसऱ्याला विचारायची रीत कितीही चांगली असली तरी ती विचारणाऱ्याच्या शंकेवर चालते. शंकाच नसेल तर सगळे साथीदार गप्प उभे राहतात. मी जेव्हा त्या सामन्यात दोन्ही मुठी वर केल्या तेव्हा मलाही शंका नव्हती.

2014 मध्ये मेजर लीगने बहुतेक निर्णयांसाठी व्हिडिओ तपासणी आणली. पथकाचा प्रमुख पंच मैदानाच्या कडेला जाऊन कानाला हेडसेट लावतो, न्यूयॉर्कमधल्या केंद्रात बसलेले पंच चित्रण बघून त्याला निकाल सांगतात. 2022 पासून तो प्रमुख कमरेच्या माइकवरून निकाल सगळ्या मैदानाला ऐकवतो. 2023 मध्ये चेंडू टाकायला वेळमर्यादा आली, तिचा इशारा पंचांच्या अंगावरचं एक छोटं यंत्र थरथरून देतं. 2026 च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकलाही खेळाडू टोपी किंवा हेल्मेटवर हात आपटून आव्हान देऊ शकतात, यंत्र निकाल सांगतं. हे सगळं चांगलंच आहे. पण तिथेही चेंडू टाकायच्या आधी चौघे पंच एकमेकांकडे बघतात आणि टोपीला हात लावतात, कारण तिसऱ्या बेसवर कोण जाणार हे न्यूयॉर्कमधून ठरत नाही.

आमच्याकडे ना हेडसेट, ना माइक. चुन्याने आखलेल्या रेषा, खुंटीला बांधलेले बेस आणि दोन माणसं. त्यातून एकाची शाळा मराठी, एकाची कन्नड. सर माझ्याशी मराठी बोलतात, पण घाईत त्यांच्या तोंडून "नोडी सर, नोडी" निघतं आणि माझ्या तोंडून "अहो बघा बघा". सीमाभागातल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही, बाजारात आपण रोज असंच बोलतो. मैदानावर मात्र भाषा निवडायला अर्ध्या सेकंदाचीही सवड नसते. टोपीला लावलेला हात आम्ही दोघे एकाच वेळी वाचतो.

त्या घोटाळ्यानंतर पुढच्या वर्षी पुन्हा आमची जोडी लागली. सामन्याआधी आम्ही मैदानाच्या कडेच्या आंब्याखाली दहा मिनिटं बसलो. अमेरिकेतले पंचही सामन्याआधी असंच बसतात. सरांनी काडीने मातीत चौकोन काढला. पहिल्या बेसवर रनर असेल तर तिसरा तुमचा. दोन्ही बाजूंच्या रेषांवरचा झेल प्लेटवरून, मधला मी बघणार. तिसऱ्या स्ट्राइकला कॅचरच्या हातातून चेंडू निसटला की नाही हे तुम्हाला कळत नसेल तर माझ्याकडे बघा, झेल पकडला असेल तर मी मूठ करेन, जमिनीला लागला असेल तर तळहात खाली. पहिल्या बेसवर पाय दिसला नाही तर मी निकाल द्यायच्या आधी तुम्हाला विचारणार, निकाल दिल्यावर नाही. वेगळे निकाल पडले तर पिचरच्या मागे, मुलींपासून लांब, फक्त आपण दोघे.

"आणि आवाज?" सरांनी विचारलं.

"फाउलला दोघांचा. फेअरला कुणाचाच नाही."

तिसऱ्या डावात पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आल्या, एक आउट होता. सरांनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि टोपीला हात लावला, एक बोट उघडं. मी तसाच हात लावला. पिचरने चेंडू टाकला, बॅटरने जमिनीवरून मारला. इनफिल्ड फ्लायचा काही संबंधच आला नाही. पुढच्या बॅटरच्या आधी सर पुन्हा माझ्याकडे बघत होते.